काळ्या काठाचं पीस

कार्तिक लागला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. दूध गॅसवर ठेवते आणि खुराड्याकडे जाते. खुराड्याशी पोचले की दूध आठवतं, धावत परत येते, तोवर ते ओट्यावरून खाली उतरलेलं असतं. जेवता जेवता उठते. अर्धं अंगण झाडते आणि झाडू तिथंच टाकून देते. नवरा जंगलाच्या गेटवर कामाला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘गाडी हळू चालवा, आवाज करू नका’ असं सांगून सांगून तो स्वतःच हळू झालेला माणूस. तो नुसता पाहत राहतो आणि म्हणतो, “कोंबड्यायचे पिसं झडून राहिले, का तुझेच झडून राहिले व?”

त्याचं काही चुकत नाही. नवेगाव बांधच्या तळ्यावरून सकाळचा वारा आता अंगाला लागायला लागलाय. लवकर येणारा हलका धान कापून झाला, शेताच्या बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा वाळत पडल्यात, सगळ्या गावाला तणसाचा वास आहे. लोक खुशीत आहेत. मी मात्र हातात एकेक कोंबडी धरून, तिचा पंख उन्हात उघडून पाहत बसते आणि मनातल्या मनात चिडते. या दिवसांत माझ्याशी कोणी गोड बोललं तरी मला ते टोचतं.

भादव्यात कोंबड्या पिसं टाकायला लागतात. अश्विनात तर त्या इतक्या ओंगळ दिसतात की आलेल्या माणसासमोर आपलीच मान खाली जावी. मग कातडीतून निळसर काटे वर येतात, त्यांची टोकं फुटतात आणि आतून पीस उलगडत जातं. फाल्गुनात निघालेल्या पिल्लांचंही खरं पीस याच सुमाराला येतं. तोवर रंगाचं काही म्हणजे काही सांगता येत नाही. इतके महिने दाणा घालायचा, मुंगसापासून राखायचं, मे महिन्यात खुराड्याला ओली पोती टांगायची, दुपारी तीन तीनदा पाणी बदलायचं, आणि एवढं सगळं करून कार्तिकातल्या एका सकाळी पंख उघडून पाहायचा की काठ आला की नाही. बहुतेकदा आलेला नसतो.

माझ्या कोंबड्या सेब्राइट जातीच्या. बँटम, म्हणजे बुटक्या, पारव्याहून जराशा मोठ्या. अंडं एवढंसं, मांस त्याहून एवढंसं. शोभेसाठी पाळायच्या, बाकी उपयोग शून्य. पीस सोनेरी आणि त्याच्या कडेनं काळा काठ. लुगड्याला असतो तसा, पण चहूबाजूंनी फिरलेला. छातीवरचं पीस असो की मांडीवरचं, काठ सारखा पाहिजे. कुठं जाड झाला, कुठं पुसट झाला, मधेच काळी मिरी सांडल्यासारखे ठिपके आले, की ती कोंबडी बाद. बाद म्हणताना जिभेला काही लागत नाही. तीही बिचारी तुमच्याकडे मान वाकडी करून पाहत असते.

पहिली जोडी आमच्या घरी आली ती मुर्रीला, माझ्या माहेरी. मावसभाऊ तांदळाचे ट्रक घेऊन कलकत्त्याकडे जायचा. तिकडच्या पाखरांच्या बाजारातून त्यानं गंमत म्हणून आणली आणि त्याच्या बायकोनं दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात आणून सोडली. माय म्हणाली, “हे काय आणलास बापा, एका घासाच्या कोंबड्या?” बाबूजींनी मात्र पिंजऱ्यात हात घातला, कोंबडी बाहेर काढली, डोळे मिटून तिच्या छातीखालून तळवा फिरवला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

बाबूजींच्या त्या तळव्याची पंचक्रोशीत ख्याती होती. बैल घ्यायचा तर लोक त्यांना बाजारात सोबत घेऊन जायचे. ते बैलाच्या तोंडाकडे फार पाहायचे नाहीत. पाठीवरून, खांद्यावरून, मांडीवरून हात फिरवायचे आणि “घे” किंवा “सोड” एवढंच बोलायचे. मग घरोघरी ट्रॅक्टर आले. बैल गेले, बाजार आटला, आणि बाबूजींचा तळवा रिकामा झाला. दोन-चार वर्षं ते घरातल्या माणसांवर चिडचिडत होते. या मुठीएवढ्या कोंबड्या आल्या आणि त्यांच्या हाताला पुन्हा काम मिळालं. माय म्हणायची, “बैल नाई मिळाले त आता कोंबड्यायले जोतनार हायेत.”

तेव्हापासून आमची भांडणं सुरू झाली. मी रंगाची, ते बांध्याचे. मी म्हणायची, काठ बघा, कसा गोल फिरलाय. ते म्हणायचे, “रंग चाटाचा आहे काय? पाठ लांब आहे तिची. छाती पाह्य, पुढं आलीच नाई.” सेब्राइटची पाठ आखूड पाहिजे, छाती पुढं, पंख जरा खाली झुकलेले, चालणं तोऱ्यात. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि मलाही नाही. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहायची, ते हातानं पाहायचे, आणि आम्ही दोघं एकाच कोंबडीवरून दुपारभर तंडायचो. शेवटी ते एका वाक्यात निकाल द्यायचे. “रंग आहे, बांधा नाई.” किंवा, “रंग दबला, पण बांधा चांगला.” त्यावर अपील नसायचं. मी रागानं आत निघून जायची आणि पाच मिनिटांत परत यायची, कारण पंख उघडून पाहायला दुसरं कोणी नव्हतं.

या जातीत एक खोडी आहे, ती सांगायलाच हवी. हिचा कोंबडा हुबेहूब कोंबडीसारखा दिसावा लागतो. बाकीच्या कोंबड्यांना असतात तशी शेपटीची लांब, वाकडी पिसं त्याला नकोत. मानेवर टोकदार आयाळ नको. जितका कोंबडीसारखा, तितका उत्तम. आणि असा उत्तम कोंबडा पुष्कळदा कामाचा नसतो. कोंबड्या त्याच्यासोबत फिरतात, अंडी देतात, अंडी उबवायला ठेवली की सगळी खाली, म्हणजे रिकामी निघतात. वंश चालवायचा तर शेपटीत एखाद-दोन लांब पिसं चुकून राहिलेला, दिसायला बिघडलेला कोंबडा लागतो. दोन हंगामांची अंडी नासल्यावर आम्हाला हे कळलं.

ज्या कार्तिकाबद्दल मला बोलायचं आहे, त्या कार्तिकात माझ्याजवळ असे दोन कोंबडे होते. एक देखणा. त्याला माय नवरदेव म्हणायची. दुसरा शेपट्या. शेपट्याच्या शेपटीत दोन पिसं अशी वर उठून बाहेरच्या बाजूला वळलेली होती की कोणीही पाहून हसावं. पण त्याच्या अंगावर जो काठ होता, तो मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. तीन कोंबड्या मी त्याच्यासाठी राखून ठेवल्या होत्या. नवी पिसं आली होती, थंडी सुरू झाली होती, अंडी येऊ लागली होती. या एका हिवाळ्यात पिल्लं निघाली की झालं, पुढं त्या काठाची रांग लागणार होती.

आणि याच हिवाळ्यात माझं लग्न जमवायचं घरात ठरलं होतं. बी.ए. झालं होतं, वय झालं होतं, काकूच्या मते तर उलटून चाललं होतं. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि खुडूक कोंबड्याही तेव्हाच अंड्यांवर बसतात. दोन्ही हंगाम एकाच वेळचे. मी रोज सकाळी अंडी गोळा करायची आणि रोज संध्याकाळी माय-बाबूजींचं कुजबुजणं ऐकायची. लग्न ठरलं तर ही पिल्लं मी पाहणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. सासरी कोण घेऊन जाऊ देणार खुराडं? मागं राहिल्या तर बाबूजी बांध्याला निवडतील, काठ दोन वर्षांत पुसून जाईल. लोकांच्या पोरी रडतात तशी मी घर सुटणार म्हणून रडत नव्हते. मला फक्त एक हिवाळा पाहिजे होता.

दिवाळी झाली की आमच्याकडे मंडई, म्हणजे जत्रा भरते. आज या गावात, उद्या त्या गावात. झाडीपट्टीतल्या माणसाला दिवाळीपेक्षा मंडई मोठी. पाळणे, मिठाईची दुकानं, दंडारीचा नाच, नाटक, आणि घरोघरी पाहुणे. पाहुण्यांबरोबर सोयरिकी येतात. मंडईला आलो होतो, सहज मुलगी पाहून घेतली, असं म्हणायला बरं पडतं. नाही जमलं तर कोणाचं नाक कापलं जात नाही, मंडई तर पाहिलीच. आणि मंडईला आलेला पाहुणा रस्सा खाल्ल्याशिवाय परत जात नाही.

पाहुणे आले की माझ्या कोंबड्यांवर संकट. प्रत्येकाला नवरदेव पाहिजे. “दे न एक जोडी, काय होते?” मंडईच्या पाहुण्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मागच्या वर्षी असाच एक चांगला नर एका सोयऱ्याच्या पोराच्या हट्टापायी गेला होता आणि आठ दिवसांत मांजरानं नेला होता. नवरदेव गेला तर गेला, पण वंशाचा कोंबडा जाऊ नये म्हणून या वेळी मी शेपट्याला मागच्या खुराड्यात, गावठी कोंबड्यांमध्ये टाकला. त्या खायच्या कोंबड्या. तिकडं कोणी पाहुणा फिरकत नाही, म्हणजे शेपट्याला कोणी मागणारही नव्हतं. मला वाटलं, माझ्यासारखी हुशार मीच. मायला सांगून ठेवलं, त्या बारक्याला हात लावायचा नाही. मायनं काकूला सांगितलं. काकूनं काकाला सांगितलं नाही.

तिरोड्याकडची मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील, त्याची आत्या आणि मध्ये पडलेले आमचे मामा. धानाचा व्यापार, पक्कं घर, गाडी. मुलगा वाईट नव्हता. तो मोबाइल पाहत होता आणि मधून मधून वर पाहून ओशाळं हसत होता. मी हिरव्या साडीत पोहे घेऊन गेले, ठेवले, बसले. नाव, शिक्षण, स्वयंपाक. आत्याबाई अर्ध्या हिंदीत बोलायच्या, गोंदियात सगळेच बोलतात. त्यांनी मला उभं राहायला सांगितलं. मग म्हणाल्या, “जरा चलके दिखाव बेटा.” मी खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. त्यांनी माझं मनगट धरलं, उजेडाकडे वळवलं, बांगड्या मागं सारून कातडी पाहिली. खांद्यावर हात ठेवून मला थोडं फिरवलं. आणि मग बाबूजींकडे वळून, जणू ते दोघं एकाच धंद्यातले, म्हणाल्या, “रंग थोडा दबला आहे, लेकिन बांधा चांगला आहे.”

मला हसूच फुटणार होतं. इतकं ते तंतोतंत होतं. मी बाबूजींकडे पाहिलं, म्हटलं, तेही हसत असतील. ते खाली सतरंजीकडे पाहत होते. मग माझं हसू गेलं. मी पोह्यांच्या बशा उचलल्या आणि मागच्या दारी गेले.

मागच्या दारी राखेच्या ढिगावर पिसं पडली होती. पांढरी, तांबडी, करडी, गावठी कोंबड्यांची. आणि त्यांत काळ्या काठाची सोनेरी पिसं. काका हात धूत होते. त्यांनी खुशीत सांगितलं, “चार कापले. एक बारका होता, मनलं टाकून देऊ चवीले.”

मी ओरडले असेन. मला ते नीट आठवत नाही. काकाचं बोलणं मात्र शब्दन् शब्द आठवतं. “खायच्या खुराड्यात होता, मनून कापला. खायच्या खुराड्यात ठेवाचा आन खायचा नाई, असा कुठं रायते का व?”

जेवणं झाली. वाढायला मीच होते. आत्याबाईंच्या ताटात एक एवढीशी तंगडी होती. ती त्यांनी चवीनं खाल्ली, हाड बाजूला काढून ठेवलं आणि म्हणाल्या, “याले चव आहे.” मी मान खाली घालून पुढच्या ताटाकडे सरकले. मुलाचे वडील मामांना म्हणाले, पोरगी लाजाळू आहे.

त्या दिवशी मंडईत दंडारीचे ढोल वाजत होते आणि मी खुराड्यात बसून होते. माय आली, दारातूनच म्हणाली, “एका कोंबड्यापायी एवढा कोनी रडते काय?” मायला वाटत होतं मी कोंबड्यापायी रडतेय. थोडी होतेही. पण नुसतं तेवढं नव्हतं, आणि जे होतं ते मला मायला सांगता येत नव्हतं. मनगटावर जिथं त्या बाईचा अंगठा होता, ती जागा मी सारखी चोळत होते.

एक आशा उरली होती. कोंबडा गेला तरी त्याचं बी कोंबडीच्या पोटात आठ-दहा दिवस टिकतं, हे मला माहीत होतं. शेपट्याला मी मागं टाकण्याआधी तीन-चार दिवस त्या तिघींत सोडला होता. पिसं टाकून नुकताच सावरलेला कोंबडा, कितपत जोर असणार? पण असलाच तर? मी पुढच्या आठवड्यातलं एकेक अंडं उचलून ठेवलं. अकरा झाली. आमच्याकडे अंडी विषमच बसवतात, प्रत्येकावर कोळशानं रेघ ओढतात आणि टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवतात, वीज-गर्जनेनं अंडी बिघडू नयेत म्हणून. मी विळ्याचं तुटकं पातं ठेवलं. तणस घातलं आणि वर एक खुडूक गावठी कोंबडी बसवली. ती इतकी खाष्ट होती की बसल्याबरोबर तिनं माझ्या हाताचं रक्त काढलं.

आठ दिवसांनी अंधारात अंड्याच्या मागून बॅटरी धरली की आत जीव धरला की नाही ते कळतं. धरला असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. नसेल तर अंडं काचेसारखं स्वच्छ. एरवी मी ते नेमानं करायची. त्या वेळी केलं नाही. बॅटरी दोनदा हातात घेतली आणि दोनदा ठेवून दिली. मला तीन आठवडे पाहिजे होते. पूर्ण तीन आठवडे, कोणी हो किंवा नाही न म्हणता.

बाबूजी त्या दिवसांत खुराड्याकडे येईनात. धान कापणीची गडबड होती, पण एरवी कापणीतही ते एक चक्कर मारायचे. मी एका कोंबडीचा पंख दाखवायला नेला, तर म्हणाले, “तूच पाह्य.” मला वाटलं, पाहुण्यांसमोर मी तोंड पाडून बसले त्याचा राग आलाय. मीही मग बोलले नाही. घरात दोघं रागावलेले, माय मध्ये, आणि टोपलीत ती खाष्ट कोंबडी. माझी झोप उडाली होती. दर तासाला मी टोपलीजवळ जाऊन उभी राहायची, जसं काही मी उभी राहिल्यानं आत काही होणार होतं.

तिरोड्याचा निरोप आला तेव्हा अंडी फुटायला आठवडा बाकी होता. पसंती होती. चार दिवसांत साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आणि मार्गशीर्षात लग्न. मामांनी फोनवर हसत हसत पुढचंही सांगितलं, की तिरोड्याच्या घरात कोंबड्या-बिंबड्या चालणार नाहीत, मुलीला सांगून ठेवा. माय आनंदली. काकू आली, काका आले. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मला कारणं पुष्कळ होती, पण जिभेवर एकही येईना. त्या बाईनं मला फिरवून पाहिलं, हे काय कारण झालं? सगळ्याच पोरींना पाहतात. मी एवढंच म्हटलं, “माझी अंडी बसली आहेत.”

काकू तोंडाला पदर लावून हसली. काका म्हणाले, “ऐकला काय?” बाबूजींनी विचारलं, “किती दिवस?” मी म्हटलं, “आणखी एक हप्ता.” त्यांनी मान हलवली, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला आणि मोटारसायकल काढून मामांकडे गेले.

तिकडं काय झालं ते मामांनीच मग जिथं तिथं सांगितलं. बाबूजींनी चहासुद्धा घेतला नाही. म्हणाले, “पोरीनं अंडी बसवली हायेत. अंडी फुटतपर्यंत आमी काई बोलत नाई.” मामांना वाटलं थट्टा आहे. त्यांनी तिरोड्याला तसंच कळवलं. तिरोड्याच्या लोकांना ती थट्टा वाटली नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला, की असल्या घराशी आम्हाला सोयरीक करायची नाही. मुर्रीत ही गोष्ट महिनाभर पुरली. किराणा दुकानात गेले की कोणीतरी विचारायचं, “काय व, फुटली काय अंडी?”

फुटली नाहीत. दिवस भरले, वर दोन गेले, तरी चोच लागली नाही. मी एकेक अंडं फोडून पाहिलं. अकराच्या अकरा खाली. वास इतका आला की माय नाकाला पदर लावून आत गेली. काकू म्हणाली, कोंबडाही गेला आणि नवराही गेला. बाबूजींनी फावडं आणलं, परसात खड्डा केला, मी अंडी टाकली, त्यांनी माती लोटली. खुडूक कोंबडी पुढं किती दिवस रिकाम्या टोपलीत बसून होती. तिला हाकललं तरी ती परत यायची.

त्या वर्षी त्या काठाचा वंश संपला. नवरदेव म्हातारा होऊन मेला, त्याच्यापासून एकही पिल्लू झालं नाही. पुढं मी रायपूरहून दुसरी जोडी आणली, काठ तसा नाही पण वाईटही नाही. पुढं माझं लग्नही झालं, खुराड्यांसकट. नवऱ्याला मी पहिल्याच भेटीत कोंबड्यांचं सांगितलं. तो म्हणाला, जंगलात मी वाघ पाहणाऱ्यांना सांभाळतो, कोंबड्या काय जड आहेत?

आणि तरी कार्तिक आला की मी पंख उघडून बसते. फाल्गुनातली सोळा पिल्लं होती यंदा. एकेक हातात घेते, उन्हाकडे वळवते, पीस मागं सारून पाहते, जमिनीवर ठेवून चालवते. तोंडातून आपोआप येतं, रंग दबला, बांधा चांगला. आणि मनगटाला काहीतरी होतं. मी थांबत नाही. निवडल्याशिवाय ही जात राहत नाही, काठ चार पिढ्यांत विरून जातो, हे मला ठाऊक आहे. पण पूर्वी निवडताना जी मजा यायची ती राहिली नाही, आणि निवडणं सोडवतही नाही. म्हणून तर माझं बूड कुठं टिकत नाही.

अस्वस्थ झाले की मी ती गोष्ट सांगते, कोणालाही. माझ्या बाबूजींनी माझ्या अकरा अंड्यांवर भरवसा ठेवून चालून आलेली सोयरीक सोडली. अंडी खाली निघाली हे सांगताना मी हसते, पण भरवशाचं सांगताना माझा आवाज चढतो. इतकी वर्षं तो भरवसा माझ्या पाठीशी आहे.

परवा मंडईला मुर्रीला गेले होते. ओसरीत माय तांदूळ निवडत होती, वहिनी शेजारी होती. भावाचं लग्न होऊन वर्षही झालं नाही, वहिनीला ही गोष्ट माहीत नव्हती. मी रंगवून सांगितली. वहिनी पोट धरून हसली. माय सुपातून मान वर न काढता म्हणाली, “खाली हायेत हे त तुझ्या बाबूजीयले मालूम होता.”

मी म्हटलं, “काय मालूम होता?”

“अंडी. तू तळ्यावर कपडे धुवाले गेली होतीस, तवा त्यायनं धानाच्या कोठीत नेऊन बॅटरी लावून पाह्यली. सगळे स्वच्छ. मले मनले, तिले सांगू नोको.”

“कधी?”

“तिरोड्याचा निरोप येवाच्या आधी.”

मी उठले. बाबूजी अंगणात उन्हाला बसले होते. आता त्यांना नीट दिसत नाही, पण पाय वाजला की ओळखतात. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि एकदम विचारलं, “अंडी खाली होती, तुमाले मालूम होता?”

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, “हो.”

“मग मामाकडं जाऊन तसा काऊन सांगितला?”

“ते बाई तुले फिरवून पाहून राहिली होती, आन मले तिथं माझेच हात दिसून राहिले होते.” त्यांनी तळवे मांडीवर उलटे करून ठेवले. “सोयरिकीले त नाई मनाचाच होता. पन त्या लोकायले काईतरी कारन पायजे न व? मले दुसरा काई सुचला नाई.”

मी तिथंच त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. इतकी वर्षं मी लोकांना त्या अंड्यांचं सांगत होते. बाबूजींना अंड्यांचं काही नव्हतंच.